खालचा सांधा धाकट्याच्या नावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने टर्नर, कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त, राहणार शेडच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थरथरतो, म्हणून अक्षर वेडेवाकडे आले आहे. मजकूर तसा नाही. वकिलांच्या मसुद्यात ‘माझे मन सुस्थितीत आहे’ असे वाक्य होते. ते मी खोडले. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मनाबद्दल खोटे लिहून त्याखाली सही करणे मला जमणार नाही.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या, खालची शेड आणि बँकेत असेल ते, सगळे माझ्या पत्नीचे. शेड तिने खुशाल भाड्याने द्यावी, फक्त रंगवाल्याला देऊ नये. रंगाच्या वासाने तिचे डोके उठते, आणि ती कुणाला सांगणार नाही.

कलम दुसरे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेले भिंतीवरचे घड्याळ कारखान्याला साभार परत. ते पहिल्या दिवसापासून मागे पडते आहे, आणि उशिरा आलो म्हणून माझ्यावर डाफरणारे तेच लोक होते. मेहुण्यांना काही नाही. ते विचारायला येतीलच, तेव्हा चहा द्यावा.

कलम तिसरे. माझी लोखंड कातायची लेथ तंत्रशाळेला. ती जुनी आहे, कुरकुरते, पण दगा देत नाही. माणसांबद्दल मला असे लिहिता येत नाही.

कलम चौथे वकिलांनी घातले होते. मला ते कळले नाही, म्हणून काढले.

कलम पाचवे. हे गाडीबद्दल आहे, आणि खरे म्हणजे एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो.

शेडमध्ये ताडपत्रीखाली जी दोन सीटांची उघडी गाडी आहे, ती मुळात तिघांनी मिळून बांधली: मी, माझा धाकटा भाऊ आणि माझी मुलगी. मुलीला घरात सगळे खारूताई म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. भाऊ वेल्डर. वेल्डिंगमध्ये त्याच्या हाताला तोड नाही, आणि हे मी मरतानाही नाकारणार नाही. स्टिअरिंगचा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालचा खांब, मी लेथवर केला होता. त्यात दोन दांडे असतात, एकात एक सरकणारे. समोरून धडक बसली की खालचा दांडा वरच्यात शिरतो आणि ते चाक गाडी चालवणाऱ्याच्या छातीवर येत नाही. सरकायचे तर मध्ये किंचित फट हवी, आणि फट म्हटली की खडखड आलीच.

त्या खडखडीने खारूताई वैतागली. मी कामावर असताना काकाच्या मागे लागली, याचं तोंड एकदाचं बंद कर. काकाने तिला कधी कशालाच नाही म्हटले नव्हते. त्याने सरकत्या सांध्यावर वेल्डिंगचे दोन टाके मारले. खडखड थांबली. मी घरी आलो तेव्हा दोघे हसत होते आणि मला कुणी काही सांगितले नाही. मला चकित करायचे होते म्हणे.

पुढच्याच आठवड्यात खारूताई चालवत असताना वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी आदळली. वेग काही फार नव्हता. गाडीचे नाक चेपले, एवढेच. कॉलम जागचा हलला असता तर पोरगी फुटलेला ओठ घेऊन घरी आली असती आणि आईची बोलणी खाल्ली असती. तो हलला नाही. गाडी परत मिळाल्यावर मी तो बाहेर काढला. टाके सुबक होते. भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, “दादा, मी फक्त आवाज थांबवला रे.” त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

पत्नी बोलते. जिन्यात त्याला पाणी देते. एकदा मला म्हणाली, “देवानं एकच नेली. बाकीच्यांना तुम्ही पोचवलंत.”

त्याच गाडीसाठी मी नवा कॉलम करायला घेतला. का, हे विचारणाऱ्यांना काय सांगू? दुसरे काही करावेसेच वाटेना. कॉलम बरोबर दुमडतो का, हे बघायचे तर तो मोडावाच लागतो. एक मी उभा बांधून त्यावर कप्पीने लोखंडी ठोकळा सोडला. दांडा दांड्यात निमूट शिरला, चाक होते तिथेच राहिले. मी बाकावर बसून रडलो. चांगला निघाला म्हणून नव्हे. इतके सोपे होते म्हणून. मग तसाच दुसरा केला. तो गाडीत बसवला आहे.

भावाची मुलगी, माझी पुतणी, इस्पितळात नर्स आहे. आम्हा भावांचा अबोला तिने कधी जुमानला नाही. ती एक दिवस ताडपत्री उचलून सीटवर बसली आणि म्हणाली, “मोठे काका, ताईची गाडी मला द्या. मी चालवीन.” म्हणून ही गाडी मी तिच्या नावे करतो. मात्र एका अटीवर, आणि ती अट तिच्या हातात नाही.

कॉलमचा खालचा सांधा, जिथे दांडा गाडीच्या पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या यंत्राला मिळतो, तो अजून कच्चा आहे. तिथे सरकणे नको, पक्के वेल्डिंग हवे. मी भंगाराच्या तुकड्यांवर हात चालवून पाहिला. गांडुळे पडल्यासारखे टाके आले. वेल्डर पैशाला पासरी मिळतात. पण तो सांधा सुटला तर चाक हातात राहते आणि गाडी आपल्या वाटेने जाते. तिथे मला एकाच माणसाचा हात चालेल. तो सांधा मी माझ्या धाकट्या भावाच्या नावे करतो.

त्याने खारूताई गेल्यापासून वेल्डिंगचा टॉर्च पेटवलेला नाही, असे पत्नी सांगते. दुकान उघडतो, लोकांना पत्रे कापून देतो, जोडत काहीच नाही. तो हे काम करील असे मला वाटत नाही. त्याच्या जागी मी असतो तर केले नसते. त्याने नकार दिला तर गाडी कापून भंगारात घालावी, दुसऱ्या कुणाकडून सांधा करून घेऊ नये. पुतणीने रडारड करू नये.

भावाला माफीही हवी असेल. माणूस आपल्याजवळ असेल तेच दुसऱ्याच्या नावे करू शकतो. मी शेडचे सगळे खण पाहिले, मनाचेही पाहिले. माझ्याकडे ती नाही. मिळाली असती तर याच कलमात लिहिली असती.

त्याने काम केलेच, तर हे त्याला वाचून दाखवावे: धाकट्या, खालचा सांधा पक्का कर. वरच्या सरकत्या सांध्याला हात लावू नकोस. तुझी पोरगी चार दिवसांनी तुझ्याकडे येईल आणि म्हणेल, बाबा, फार आवाज करतो हो हा. तू तिला कधी नाही म्हणत नाहीस, मला माहीत आहे. या वेळी म्हण. खडखडू दे.

सही: (हात थरथरल्यामुळे दोनदा केली आहे, दोन्ही माझ्याच)

साक्षीदार: १. औषधोपचार करणारे डॉक्टर. २. समोरची शिंपीण. दोघांच्या देखत सही केली. शिंपीणबाईंनी मजकूर वाचायला नको होता, पण वाचला.

स्थळ: शेड, गाडीशेजारी.
दिनांक: डॉक्टरांनी त्यांच्या सहीखाली घातला आहे तोच.