टॉर्मडच्या गालांची लाली

नेस, लुईस बेट
८ फेब्रुवारी १९९४

ती. मर्डिना अक्कास,
धाकट्या डोलिनाचा शि. सा. न. पोचावा.

तू विणलेले मोजे मिळाले. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे, पण इनव्हर्नेसच्या निवृत्त नर्सबाईंना कोण बोलणार. इथे तीन आठवडे वारा थांबलेला नाही. मेंढ्या भिंतीला चिकटून उभ्या असतात.

लिहायला बसले ती आपल्या भावाबद्दल, टॉर्मडबद्दल. उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा त्याच्या गालांवर थोडी लाली होती, आठवतं? आता नाक, गाल, हनुवटी, सगळंच लालभडक झालंय. शाळेची बस चालवणाऱ्याचं तोंड असं दिसावं का, असं लोक बोलतात. मी शाळेच्या स्वयंपाकघरात शिरले की बायका एकदम बटाट्यांविषयी बोलायला लागतात. त्या बसमध्ये माझी नात कॅट्रिओना बसते, सहा वर्षांची.

दर शनिवारी हा स्टॉर्नोवेला जातो. दाढीची ब्लेड आणायला जातो म्हणे. एका माणसाला अशी किती दाढी असते? आमच्या स्वयंपाकघरातल्या पेगीने त्याला कॉलर वर करून एका औषधाच्या दुकानातून निघताना पाहिलं, मग दुसऱ्या, मग बंदरापलीकडच्या तिसऱ्या. रविवारी माझ्याकडे सूप प्यायला यायचा, तेही दोन महिने बंद. तोंडाला सदा पेपरमिंटचा वास. दोन घरांत वीस पावलं, पण मागचं दार आतून लावलेलं.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा शिकायला ग्लासगोला होतीस. बर्फातून त्यांना फळीवर घालून आणलं ते आम्ही दोघांनी पाहिलं. चौदाव्या वर्षी टॉर्मडने दारूला न शिवायची शपथ घेतली, हे मला ठाऊक आहे. पण शपथ बाबांनीही दोनदा घेतली होती.

कळावे. माझ्यावर चिडू नकोस.
तुझी डोलिना


इनव्हर्नेस
१४ फेब्रुवारी १९९४

चि. डोलिनास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

मोज्यांबद्दलचं बोलणं लक्षात ठेवलंय. पुढच्या वेळी एकच पाठवीन.

लाल चेहऱ्याची सगळी माणसं दारुडी असती तर आपली आजी या बेटावरची सगळ्यांत मोठी बेवडी ठरली असती, आणि ती तर चर्चमधला द्राक्षरसही ओठाला लावून परत द्यायची. तेव्हा आधी मला नीट सांग. गरम चहा प्याल्यावर, वाऱ्यातून आल्यावर लाली वाढते का? पुटकुळ्या आहेत का? डोळे चुरचुरतात का? त्याचे हात थरथरतात का? तू इतकं लिहिलंस, पण तो एकदा तरी अडखळला, बरळला, उशिरा उठला, असं काही लिहिलेलं नाही.

आणि ‘लोक बोलतात’ असं लिहिलंयस. कोण लोक, डोलिना? पेगी सोडली तर मला एकही नाव सापडलं नाही. शंका तुझी असेल तर ती तुझ्या नावाने लिही. त्याला समोर बसवून विचार. त्याच्या पाठीमागे पाळत ठेवू नकोस.

तुझी काळजी खोटी नाही, एवढं मला समजतं. माया असू दे.
मर्डिना


नेस
३ मार्च १९९४

ती. अक्कास, सा. न.

मोठं संकट आलंय. कौन्सिलकडे कुणीतरी निनावी पत्र धाडलं की नेसचा बसचालक पिऊन गाडी चालवतो. परवापासून टॉर्मडला बसवरून उतरवलंय. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, रक्त तपासून घ्यायचं. कोणी लिहिलं ते कळत नाही. कळून तरी काय उपयोग? मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, एवढं तूही मान्य करशील.

काल तो रक्त द्यायला गेला असताना मी त्याच्या घरात गेले. किल्ली माझ्याकडे आईच्या वेळेपासून आहे. कपाटं पाहिली, जळणाच्या पीटच्या ढिगामागे पाहिलं. बाटली नाही. पण बेसिनखाली बुटाच्या खोक्यात पिळून चपट्या केलेल्या एकोणीस ट्यूबा मिळाल्या. खाजेचं मलम सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल पायाच्या चिखल्यांचं, मूळव्याधीचं, आणि सर्दीत नाकात मारायच्या फवाऱ्याच्या चार बाटल्या. या माणसाला एकाच वेळी खाज, चिखल्या, मूळव्याध आणि सर्दी कशी होईल? त्या फवाऱ्यात दारू असते का? लोक काहीही पितात असं ऐकलंय. खाजेच्या मलमातला कागद सोबत पाठवते आहे. तू वाच, मला बारीक अक्षर दिसत नाही.

लगेच लिही.
डोलिना


इनव्हर्नेस
७ मार्च १९९४

चि. टॉर्मड यास, अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून तू चिडशील. चीड, पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या बेसिनखाली काय आहे ते मला कळलंय. कसं, ते विचारू नकोस, तुला समजेलच. ते सगळं तू तोंडाला लावतोस ना? खाजेच्या मलमात स्टेरॉइड आहे. कागदावर स्पष्ट छापलंय की चेहऱ्यावर लावू नये, आठवड्याहून जास्त तर मुळीच नाही. पहिले काही दिवस लाली उतरली असेल. मग थांबवलंस की दुप्पट आली असेल, म्हणून तू पुन्हा लावलंस. असे किती महिने गेले? नाकाच्या फवाऱ्याने शिरा तासभर आवळतात आणि मग आणखी फुगतात. मूळव्याधीच्या मलमाबद्दल मी काही बोलत नाही, तू माझा भाऊ आहेस.

या दुखण्याला रोझेशिया म्हणतात. आजीला होतं, मलाही थोडं आहे. पावडरीखाली लपतं. यात लाजण्यासारखं काही नाही आणि दारूशी याचा संबंध असायलाच हवा असं नाही. सगळ्या ट्यूबा टाक, डॉक्टरकडे जा आणि काहीही न लपवता सांग. मलम सोडल्यावर चेहरा काही आठवडे आधीपेक्षा भयंकर होईल. तेव्हा कच खाऊ नकोस.

तुझी अक्का


नेस
२० एप्रिल १९९४

ती. अक्कास, टॉर्मडचा नमस्कार.

तू सांगितलंस तसंच झालं. पाच आठवडे उकडलेल्या खेकड्यासारखा दिसत होतो. आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता. आता डॉक्टरच्या गोळ्या आणि जेल चालू आहे, नाकाला पुन्हा नाकाचा रंग आलाय. रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि सोमवारपासून मी बसवर आहे.

हे सुरू झालं मेंढ्यांच्या औषधाने हाताला पुरळ उठलं तेव्हा. मलम हातावर लागू पडलं, म्हणून थोडं गालावर लावून पाहिलं. दोन दिवसांत चेहरा असा स्वच्छ झाला की मी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलो. मग ते सुटेना. दुकानातली मुलगी कुणाला लावता म्हणून विचारायची, म्हणून दुकानं बदलली. मूळव्याधीचं मलम तिथल्याच एका म्हाताऱ्याने सुचवलं. पेपरमिंट यासाठी चघळायचो की मुलांना बसमध्ये चढवताना आया वास घ्यायच्या. गोळ्यांनी त्यांचा संशय वाढतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला. कौन्सिलच्या कारकुनाने चौकशी संपल्यावर ते निनावी पत्र माझ्यापुढे ठेवलं. मोठाली वेडीवाकडी अक्षरं, डाव्या हाताने काढल्यासारखी. पण इंग्रजी ‘जी’ची शेपटी आत वळवून पुन्हा वर नेलेली होती. मला हात धरून पाटीवर ती तशी काढायला जिने शिकवलं, तिला मी ओळखणार नाही का. मी कारकुनाला म्हणालो की अक्षर ओळखीचं नाही.

काय करू, सांग. रोज तिच्या खिडकीत दिवा दिसतो.

टॉर्मड


नेस
१६ मे १९९४

ती. अक्कास,

कौन्सिलच्या पत्राबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणजे तुला ठाऊक आहे. ते पत्र मी लिहिलं. तुझं उत्तर येऊन चार दिवस झाले होते. त्याला समोर बसवून विचार म्हणालीस, तेवढी हिंमत झाली नाही. तो हो म्हणाला असता तर? कॅट्रिओना बसमध्ये चढताना हात हलवायची आणि मला फळीवरचे बाबा दिसायचे. पुन्हा तशी वेळ आली तर मी लिहीन की नाही, खरंच सांगता येत नाही.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो मागच्या दाराने आला. मी सूप ढवळत होते. माझ्यासमोर उभा राहिला, वाकला आणि माझ्या तोंडावर मोठा श्वास सोडला. चहाचा वास होता. पुढच्या वेळी शंका आली तर असा वास घ्यायचा, कौन्सिलला त्रास द्यायचा नाही, असं म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. मला वाटी भरता येईना, ती त्यानेच भरून घेतली.

तेव्हापासून दर रविवारी येतो. बसण्याआधी वाकतो, तोंडावर श्वास सोडतो, मग जेवतो. ही त्याची थट्टा आहे की शिक्षा, ते मला कळत नाही. मी विचारलेलं नाही. दर वेळी मी वास मात्र घेते.

तुझी,
डोलिना