हीट पंप, सोलर आणि विसण

१२ नोव्हेंबर, बुधवार
गीझर गेला. उघडून पाहिला, टाकीची खालून चाळण झालेली. इथल्या बोअरच्या पाण्यात लोह फार, बालीगंजला राहायला आलो तेव्हाच म्हणालो होतो. सुनीता म्हणते, "नवा आणा तसाच. त्यात एवढा अभ्यास कसला?" आणणार नाही. नुसती कॉइल लावून वीज जाळायची याला अक्कल लागत नाही. या वेळी नीट बघून ठरवणार, हीट पंप की सोलर. तोवर बाबांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर, मोठ्या पातेल्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार
मालतीदींची सुट्टी. एरवी बाबांचं सगळं त्याच करतात. आज आंघोळ मी घातली.
पक्षाघाताच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एक शब्द. बादलीत कढत पाणी ओतलं की डावा हात वाफेवर धरतात आणि म्हणतात, "विसण गं." समोर मी असलो तरी 'गं'च. आई होती तेव्हा गार पाणी तीच घालायची.
वाचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जो शब्द येतोय तो सुटू देऊ नका. त्याला धरून दुसरे आले तर येतील.
मालतीदींना मराठीचा गंध नाही. त्यांना ते "भीषोन गो" ऐकू येतं. बंगालीत म्हणजे फार गं, फारच. त्या म्हणतात, "हॅं मेशोमोशाई, भीषोन गॉरोम," म्हणजे हो काका, फार गरम, आणि गार पाणी ओततात. घोटाळा, पण पाणी बरोबर. मागे मी खुलासा करायला गेलो तर सु. म्हणाली, "दोघांचं छान जमलंय. तुम्ही मध्ये शिकवणी नका लावू."

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून गच्चीवर. शेजारी ती नवी उंच बिल्डिंग झाल्यापासून दुपारनंतर अर्धी गच्ची सावलीत. खडूने सावलीची रेघ मारत गेलो. म्हणजे थंडीत, नेमकं पाणी लागतं तेव्हा, सोलर अर्धपोटी. पावसाळ्यात ढग, तेव्हा आत पुन्हा कॉइलच. शिवाय गच्चीपासून पहिल्या मजल्यापर्यंत पाइप. गरम येईस्तोवर बादलीभर गार वाया.
सेक्रेटरी दासबाबू वर आले. "छाद तो शोबार, दादा. आज आपनार टँकी, काल ऑन्नेर." गच्ची सगळ्यांची, आज माझी टाकी तर उद्या दुसऱ्याची, हे खरंच. मग खडूच्या रेघा बघून, "आपनि इंजिनियर?"
नाही म्हटलं. बाबांच्या गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जुने फ्रिज उघडून शिकलो. पुस्तकं फुटपाथवरची.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सॉल्ट लेकला ही.पं. पाहून आलो. विकणारा म्हणे, "हवा से फ्री गर्मी, सर." फ्री नाही, असं त्याला समजावलं. फ्रिजचंच काम उलटं. हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडायची, उचलायला कॉम्प्रेसर, त्याला वीज. गीझरच्या साधारण तिसरा हिस्सा. आपली हवा दमट, थंडी बेताची, ही.पं.ला मानवेल. ऊन असो नसो. तोटे: महाग, घुर्र आवाज, गार हवा फेकतो म्हणून बंद खोलीत नको, खाली पाणी ठिबकतं. मागच्या व्हरांड्यात बसेल.
ठरलं. ही.पं.च. सोबत मिक्सिंग व्हॉल्व्ह, गरम-गार आतच मिसळून नळाला हवं तेवढंच.

६ डिसेंबर, शनिवार
बसला. टाकीत साठ, नळाला चाळीस. पाण्यात थर्मामीटर धरून पुन्हा पुन्हा पाहिलं, काटा हलत नाही. पातेलं फडताळात, बादली माळ्यावर. बाबा खुर्चीत, वरून हँडशॉवर. मालतीदी खूश, "की आराम, दादा." बाबा डोळे मिटून शांत बसले होते.
सु.ला म्हटलं, बघ. "बघतेय. आता व्हरांड्यात कपडे वाळतात का तेवढं बघा."

१४ डिसेंबर, रविवार
काल संध्याकाळी मालतीदी चप्पल घालता घालता म्हणाल्या, "दादा, मेशोमोशाई आर भीषोन बोलेन ना." हल्ली म्हणत नाहीत.
मी म्हणालो, पाणी बरोब्बर असतं ना, म्हणून.
म्हणालो आणि दार लावायचं राहून गेलं.
विसण मागतील कशाला. मागायला काही ठेवलंच नाही मी.
सु.ला सांगितलं. ताट तसंच ठेवून उठली. मग स्वयंपाकघरातून, "साधा गीझर आणला असता तर बादली तरी..." पुढचं नळाच्या आवाजात.

२० डिसेंबर, शनिवार
बादली काढली. व्हॉल्व्ह बाजूला करून थेट टाकीचं पाणी घेतोय. मालतीदींना बजावलंय, हात वाफेवरच, पाण्यात नाही. त्या वाट पाहतात, मग स्वतःच म्हणतात, "भीषोन, ना मेशोमोशाई?" बाबा त्यांच्याकडे बघतात. रोज तेच.
डॉक्टरीणबाईंना फोन केला. "येईलही. नाहीही." किती दिवसांत, असं विचारलं. म्हणाल्या, "असं नसतं हो ते."
व्हरांड्यात ही.पं. चालूच. अगदी नीट चालतो.

२८ डिसेंबर, रविवार
आज बाबांना आंघोळीला मीच घेतलं. बादलीत कढत पाणी, माझ्या हातात गार पाण्याचा तांब्या. ओतला नाही. दारातून सु., "अहो, थंडी वाजतेय त्यांना." टॉवेल पांघरला त्यांच्या खांद्यांवर, थांबलो.
हात वाफेवर धरला त्यांनी. मग तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी विचारलं, "विसण, बाबा?"
खालचा ओठ वरच्या दातांना लागला. 'व' म्हणताना लागतो तसाच, मी नंतर आरशात म्हणून पाहिलं. आवाज आला नाही. ओठ तसाच राहिला, बराच वेळ.
मग त्यांनी माझ्या हातातला तांब्या बोटांनी बादलीकडे ढकलला.
ओतायला गेलो तर बादलीतलं पाणी केव्हाच निवलं होतं. विसणाची गरज नव्हती. तरी घातलं थोडं.