बेचाळीस नंबरची हजेरी

प्रिय दिगंबर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार पानं, हाताने लिहिलेली, आणि अक्षर अजूनही डॉक्टरचंच. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. तू माफी मागितली आहेस आणि जानेवारीत मनोहरच्या वर्षश्राद्धाला अल्फारेटाहून इथे श्रूजबरीला येऊ का, असं विचारलं आहेस. हो किंवा नाही, एवढा एकच शब्द कळव म्हणतोस. एका शब्दात उत्तर देता आलं असतं तर तीन आठवडे कशाला लागले असते?

आधी तुझ्यावरचा राग सांगते, कारण तो खोटा नाही. नागपुरात आपण शिकत होतो तेव्हा सकाळी आठच्या अॅनाटॉमीच्या लेक्चरला मनोहर कधी उठला नाही. रोल नंबर बेचाळीस पुकारला की मागच्या बाकावरून तू त्याच्या घोगऱ्या आवाजात ‘प्रेझेंट, सर’ म्हणायचास. अख्खा वर्ग माना खाली घालून हसायचा, मीसुद्धा. हजेरी दिगंबरने लावली आणि गोल्ड मेडल मनोहरने नेलं, हा आपल्या बॅचचा जुना विनोद. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं, तुम्ही दोघं अमेरिकेत मोठे डॉक्टर झालात, सगळ्यांचे केस गेले, गुडघे बदलले, पण तो विनोद तुम्हाला पुरून उरला. शिळ्या कढीला किती ऊत आणावा, याला काही मर्यादा असते रे.

पन्नास वर्षांचं संमेलन बँकॉकला घ्यायचं, हे आपल्या बॅचच्या शिवच्या डोक्यातून निघालं. निम्मी बॅच भारतात, निम्मी इकडे, म्हणून मधलं गाव. शिवाय कुणाच्याच घरी पाहुणे नकोत. पार्सिपनीच्या घरी बसून त्याने सगळी आखणी केली. आपल्याला गाईड मिळाली ती नोक, पिवळी छत्री उंच धरून तुरुतुरु चालणारी. तिला आपली नावं उच्चारता येईनात, तेव्हा तुम्हा लोकांना अंगात आलं आणि तुम्ही तिला आपले कॉलेजचे रोल नंबर लिहून दिलेत. प्रत्येक ठिकाण बघून बसमध्ये चढलं की ती नंबर पुकारणार आणि त्र्याहत्तर वर्षांचे म्हातारे ‘प्रेझेंट, मॅडम’ म्हणून ओरडणार. बॅचबाहेरच्या नवऱ्या-बायकांना नंबर नव्हते, त्यांना ज्याने त्याने सांभाळायचं.

राजवाड्यात पाचूच्या बुद्धासमोर तू मनोहरच्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, “नीलू, आज मन्या माझा. तू मस्त फोटो काढ यार.” मी त्याला तुझ्या हवाली केलं. राजवाड्याहून निघताना तुम्ही दोघं मागच्या सीटवर शेजारी बसला होतात. नोकने बेचाळीस म्हटलं आणि तू त्याचा आवाज काढलास. मनोहर हसला. तसं हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला तुझा हेवाही वाटला, हे लिहून टाकते.

मग वाट फोचं देऊळ. तो पहुडलेला बुद्ध केवढा लांब, आणि त्याच्या पाठीमागच्या बाजूला एकशे आठ काशाची भांडी, प्रत्येकात एक नाणं टाकत पुढे जायचं. मनोहर एकेका भांड्यापाशी थांबत, नाणं टाकल्याचा आवाज नीट ऐकत चालला होता. तू कंटाळलास, बाहेर आलास आणि नारळाचं आइस्क्रीम घेतलंस. बसमध्ये चढताना तुला वाटलं तो पुढे माझ्याजवळ बसलाय. बेचाळीस आला, सवयीने तू त्याच्या आवाजात ‘प्रेझेंट’ म्हणालास, सगळे हसले आणि बस निघाली. मला वाटलं तो मागे तुझ्याजवळ बसलाय. पोलिसांना, शिवला, माझ्या लेकीला, रुचाला, आपण दोघांनी हेच सांगितलं.

पुढचं संगमरवरी देऊळ बघून परत निघताना तू पुढे येऊन विचारलंस, “मन्या कुठेय?” मी म्हटलं, “तुझ्याजवळ नव्हता?” तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी विसरणार नाही. साडेतीन तासांनी तो नदीपलीकडे सापडला. होडीत बसून एकटाच गेला होता आणि अरुणाच्या देवळाच्या उभ्या पायऱ्यांवरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर न्यूमोनिया झाला. आपण सगळे डॉक्टर, या वयात पुढे काय होतं ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. अकराव्या दिवशी तो गेला. बाकीची बॅच ठरल्याप्रमाणे फुकेतला जाऊन आली. तू मात्र अकरा दिवस आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवरून हलला नाहीस. नोक रोज भाताची पेज घेऊन यायची आणि रडायची. तिची नोकरी गेली, असं नंतर शिवकडून कळलं.

इथे शोकसभेला तू आलास तेव्हा रुचाने दारातच तुला अडवलं. “काका, प्लीज. आय थिंक यू शुड गो.” एवढंच म्हणाली. लहानपणी तुझ्या पाठीवर बसून घरभर फिरलेली पोर. तू बर्फात टॅक्सीची वाट बघत उभा राहिलास आणि मी आत मूग गिळून बसले. आठवड्याभरात शिवने तुला बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. त्यावर तिघांनी तेवढे हात जोडल्याचे इमोजी टाकले. परवा तुझ्या लेकीचा, अनिकाचा फोन आला होता. तू दिवसदिवस गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतोस, जेवायला हाक मारली तर ओ देत नाहीस, असं सांगत होती. माझ्याकडे तिने काही मागितलं नाही.

रुचाचा राग एवढा का, ते तुला माहीत नाही. मनोहरला विसरण्याचा आजार होता, हे तुला बँकॉकच्या हॉस्पिटलमध्ये कळलं. रुचाला वाटतं, मी तुला आधीच सगळं सांगून त्याला तुझ्याकडे सोपवलं होतं. तसं मी तिला सांगितलं नाही, पण तिचा तो समज मोडलाही नाही. गोल्ड मेडलवाल्याची शोभा होईल म्हणून दोन वर्षं मी झाकली मूठ घट्ट धरून ठेवली होती. पाचूच्या बुद्धासमोर एक वाक्य बोलले असते, दिगंबर, याचा हात सोडू नकोस, तर तू सोडला नसतास. ती चूक माझी. पण एवढ्याचसाठी मी हे लिहायला बसलेली नाही.

चाळीस वर्षं मनोहर कॉन्फरन्सना जायचा. व्हिएन्ना, सोल, हेच बँकॉक दोनदा. मी मागे रुचाच्या शाळा, त्याची आई, माझं अर्धवेळ क्लिनिक. रिटायर झालो की दोघं जाऊ, हे त्याचं पालुपद. रिटायर झाला आणि सहा महिन्यांत आमच्याच रस्त्यावर त्याला आमचं घर सापडेना. त्यानंतर मी दुकानातही एकटी गेले नाही. बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ केली. रात्री त्याच्या मनगटाला माझी ओढणी बांधून झोपले. कुणी विचारलं तर म्हणायची, जरा विसरतो हो, वय झालं. तुला हे दया यावी म्हणून सांगत नाही. मला स्वतःचीच येत नाही.

वाट फोहून निघताना मी डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले होते. नोक नंबर पुकारू लागली तेव्हा मनोहर देवळाच्या फाटकात उभा होता, पाठमोरा, पायात नुसते मोजे, हातात बुटांची पिशवी. बसपासून फार तर पंधरा पावलं. तुझा आवाज आला आणि सगळे हसले. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. मग अठ्ठावन्न आला, माझा नंबर, आणि मी म्हटलं, “प्रेझेंट.” दार बंद झालं. तो मरावा असं माझ्या मनात नव्हतं रे, हरवावा असंही नव्हतं. मला वाटलं, पुढे उतरल्यावर कुणाच्या तरी लक्षात येईल, नोक फोन करेल, तोवर कुणीतरी त्याला सावलीत बसवेल. मला फक्त एक देऊळ एकटीने बघायचं होतं. ते मी बघितलं. पांढरंशुभ्र, ओवऱ्यांत ओळीने बुद्धाच्या मूर्ती, प्रत्येकीचे हात निराळे. पंचवीस मिनिटं मला कुणाचाही हात धरावा लागला नाही आणि मी सुखात होते. मग तू येऊन विचारलंस आणि मी तुझ्यावर ढकललं.

तेव्हा माफीचं तू मला विचारूच नकोस, ती द्यायचा अधिकार माझा नाही. तुझी मागायची माझी लायकी नाही. वर्षश्राद्धाला मात्र ये. रुचाला तोंडाने सांगायचं मी वर्षभर रोज ठरवते आणि रोज ती समोर आली की स्वयंपाकाचं काहीतरी बोलते. म्हणून हे हाताने लिहिलं आहे, माझं अक्षर ती ओळखते. शनिवारच्या मराठी शाळेत शिकली, तेव्हा हळू वाचते, पण शेवटपर्यंत वाचते. दार तीच उघडेल. ती काही बोलायच्या आत हे पत्र तिच्या हातात दे. मी आत असेन.

तुझ्याच बॅचची,
नीलांबरी