गुरांसाचं लेबल

सर, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहिते आहे. चांगलं सांगण्यासारखं काही नाही. तीन दिवसांपासून माझ्या नखांत डिंक अडकलाय, साबणानं निघत नाही, आणि त्या हातानं पोळी मोडताना मला किळस येते. डिंकाची नाही. आपल्याच विभागात, तुमच्या कपाटासमोर बसून मी जे केलं त्याची.

आम्ही वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तुम्ही आम्हाला सिक्कीमला नेलं होतंत. आमच्याकडचा इस्लापूरचा धबधबा हीच आमची उंचीची कल्पना. ऱ्होडोडेंड्रॉन, कूळ एरिकेसी, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. तिकडची माणसं त्याला गुरांस म्हणतात हे चहाच्या टपरीवर कळलं. सगळा उतार त्या झुडपांनी लालभडक झालेला. आम्ही टपरीवर बसलो आणि तुम्ही, दमा असून, अगदी वरच्या उंचीवरचा नमुना हवा म्हणून निघालात. दहा पावलं चालायचं, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचं, पुन्हा दहा पावलं. खाली आम्ही हसतो आहोत. मी टपरीमागच्या झुडपाची अख्खी फांदी मोडते, फोटोपुरती केसांजवळ धरते आणि रस्त्यावर टाकून देते. तासाभरानं तुम्ही उतरलात. ओठ निळसर पडलेले, हातात बेताची एक डहाळी. तुमची नजर त्या फांदीवर गेली.

"कोन तोडलं हे?"

"मी, सर. पण लई हायेत ना इथं."

"लई हायेत म्हणून फेकायचं व्हय? एका डहाळीसाठी मी वर मरून राहिलो, अन् तू फांद्या मोडून फेकून राहिलीस!"

सगळ्यांसमोर बोललात. मी लातूरची, घरात कुणी आवाज चढवून बोललेलं नव्हतं. रात्री जेवले नाही. परतीच्या गाडीत मात्र तुम्ही मलाच जवळ बोलावलंत. ती डहाळी लाकडी चौकटीत दाबलेली, चौकट तुमच्या मांडीवर, आणि दर काही तासांनी ओले झालेले पेपर काढून तुम्ही कोरडे घालत होतात. लेबल माझ्याकडून लिहून घेतलंत. ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं म्हणजे तुमचं नाव, आणि ताज्या फुलाचा रंग. रंग कशाला, असं मी विचारलं. म्हणालात, "वाळलं की रंग जातो. मागून येनाऱ्याला कळाय पाहिजे, हे लाल होतं म्हणून." त्या दिवशी मी ठरवलं की हाच विषय शिकायचा आणि हाच शिकवायचा.

आता मी आपल्याच कॉलेजात शिकवते. या आठवड्यात तपासणी समिती येणार होती. आमचे विभागप्रमुख माझ्यापेक्षा लहान आहेत, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी तुमच्या वाळवलेल्या नमुन्यांचं कपाट उघडायला लावलं. "मॅडम, नमुने चांगले हायेत, पण तारखा जुन्या. लेबलं बदला. दोन-तीन वर्षांतलं काम दिसाय पाहिजे. नावं माझी टाका, थोडी तुमची बी टाका."

मी म्हटलं, "सर, हे सगळं आमच्या सरांचं आहे."

"ते काय तपासाय येनार हायेत का आता?"

मी हसले. माझ्या बढतीच्या फायलीवर त्यांची सही व्हायची आहे, म्हणून हसले. मग दोन दुपारी दार लावून बसले. ओल्या कापसानं लेबल भिजवायचं, नखानं कड उचलायची, ओढायचं, डिंकानं नवं चिकटवायचं. जुना कागद कातडीसारखा सोलून निघतो. खाली मेलेली कसर, डांबरगोळ्यांचा वास, आणि बादलीत तुमच्या अक्षराचा लगदा. गुरांस शेवटी राहिला. फूल भिजवलेल्या चहापत्तीसारखं काळपट झालंय. त्यावर मी गेल्या वर्षीची तारीख घातली आणि गोळा करणारी म्हणून माझं नाव लिहिलं. गुरांसावरच टाका असं कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा कुठलाही कागद माझ्या नावावर करता आला असता.

समितीतल्या बाईंनी नेमका तोच उचलला. "एवढ्या उंचीवर तुम्ही स्वतः गेला होतात?" मी हो म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं, सर. पण मी सांगत सुटले. दहा पावलं, गुडघ्यांवर हात, पुन्हा दहा पावलं. खाली टपरीवर विद्यार्थी हसत होते तेही सांगितलं. दमा मला आहे असं म्हणाले, आणि ते म्हणताना मध्ये थांबून श्वाससुद्धा घेतला. बाईंनी माझा हात हातात धरला. विभागप्रमुख मान डोलावत होते. नंतर सगळ्यांबरोबर मी कचोरी खाल्ली, आणि ती मला चवदार लागली.

तुमचा मुलगा तुमच्या गावी, उमरीलाच असतो. त्याचा पत्ता माझ्या वहीत आहे. हे सगळं लिहून त्याला पाठवायचं, त्यानं कॉलेजात येऊन काय करायचं ते करावं, असं ठरवून मी बसले होते. चार पानं झाली. आता नाही पाठवणार. भीती वाटते असं लिहिलं होतं, ते खोडलं. भीती नाही, सर. ती बढती मला हवी आहे.