आधी स्टार्च, मग डिंक

सर, तुम्ही होतात तेव्हाही आणि गेल्यावरही हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात नागपूरबाहेर, उमरेड रस्त्यावरच्या कागद कारखान्यात मी तुमच्या हाताखाली लागले. प्रयोगशाळेतली एकटी मुलगी. कागद मजबूत व्हावा म्हणून तुम्ही लगद्यात दोन पदार्थ घालून बघत होता, धन भाराचा स्टार्च आणि ऋण भाराचा डिंक. "आधी स्टार्च. तो तंतूंवर बसू दे, दहा मिनिटं थांबजो, मग डिंक," तुम्ही बजावलं होतं. "दोघांची गाठ तंतूवर पडली पाहिजे. बादलीतच पडली तर ते एकमेकालेच धरतात. नुसत्या गुठळ्या होतात."

मला कागदाच्या यंत्राची भीती वाटायची. लगद्याच्या टाकीला लागूनच त्याचे रोलर फिरायचे, पायाखालची फरशी हादरायची, आणि ती दहा मिनिटं तिथे एकटीनं उभं राहणं माझ्याच्यानं होत नसे. त्या दुपारी मी दोन्ही एकाच बादलीत कालवलं, टाकीत ओतलं आणि प्रयोगशाळेत पळाले. थोड्या वेळानं आरडाओरडा ऐकू येतो. मी दारातून बघते. चिकट पांढऱ्या गुठळ्या ओल्या कागदाबरोबर रोलरपर्यंत गेल्या आहेत, आणि त्या काढायला गेलेल्या मशीनवाल्याची बोटं आत सापडली आहेत. यंत्र थांबवतात. तो आता ओरडतही नाही, नुसता "माय वं, माय वं" करून राहिला आहे. मला दार सोडवत नाही.

मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, "एकत्र कोणी कालवलं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मीच सांगितलं होतं तिले," म्हणालात. प्रयोग बंद झाला आणि तुम्हाला गोदामात बसवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एवढंच विचारलंत, "काहून वं, समजलं नव्हतं काय तुले?" मी मान हलवली, नाही म्हणून. समजलं होतं, सर. अगदी नीट समजलं होतं.

तुमच्या तेरवीला तो मशीनवाला आला होता, दोन बोटं नसलेला हात खिशात घालून. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, सर असे चुकणारे नव्हते. खरंच त्यायनंच सांगितलं होतं काय?" "हो," मी म्हणाले.

तो अजून आहे. बेसा रस्त्याला मुलाकडे राहतो, त्याचा पत्ता माझ्याजवळ आहे. त्याला लिहायचं धाडस होत नाही, म्हणून हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे.