ताऱ्याच्या वाऱ्यात अडकलेला उजेड

नेर, शुक्रवार, संध्याकाळ

कापसाचा बाजार पडल्यापासून बाबांचा टेम्पो दारातच उभा. मी पुण्यातलं संशोधन सोडून इथं शिकवायला यावं, हे त्यांचं टुमणं सुरूच. आज मात्र चहा पिताना त्यांनी विचारलं, "तू तिथं करून काय राह्यली?" पहिल्यांदाच!

सांगितलं, काही तारे फुटले की त्यांची पहिली चमक क्षणभरच टिकते. पण फुटण्याआधी ताऱ्यानं आपल्याच वायूचा दाट वारा भोवती सोडला असेल, तर प्रकाश त्यात धडकत, वळत उशिरा बाहेर पडतो. मग तीच चमक लांबलेली दिसते.

"मंग आत काय झालं, हे कसं कळते?"

"तेच तर शोधून राह्यली, बाबा."

इतकं साधं सांगायला मला एवढी वर्षं का लागली?

बाबा म्हणाले, "मंग हे अर्धं सोडून घरी कायले येतं? जाय परत."

मी इतक्या जोरात हसले, की आई पिठाच्या हातानं बाहेर आली.