दुपारी सोडलेलं पाणी

बाबा,

घरात मी तुम्हाला अरेतुरेच करायचो, आपल्याकडे सगळेच बापाशी तसं बोलतात. कागदावर मात्र हात आपोआप ‘तुम्ही’ लिहितो, ती शाळेची सवय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. रोज दिवा लावताना तुमची आठवण निघते, पण एक गोष्ट मी देवापुढेसुद्धा कधी नीट बोललो नाही. नदीवरचा तो रविवार तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार तुम्हाला माहीत नाही.

तेव्हा मी शहापूरला बी-बियाणं आणि खताच्या दुकानात कामाला होतो. मे महिना होता. मोठा दुसरीतून तिसरीत गेलेला, धाकटी अजून बालवाडीत. तुम्ही आणि आई टोकावड्याहून एसटीनं आमच्या भाड्याच्या खोलीवर पहिल्यांदाच आला होता. तीन वर्षं मी बोलवत होतो आणि तुम्ही म्हणायचात, “दुसऱ्याच्या भिंतीला पाठ टेकून काय बसायचं?” शेवटी आलात ते पोरांसाठी. मी पोरांना कबूल केलं होतं की आजा-आजी आले की आपण सगळे नदीवर जेवायला जाऊ. धाकटी रोज उठली की विचारायची, “आज रविवार हाय का?”

शनिवारी दुकानात धरणावर कामाला असलेला एक माणूस भाताचं बियाणं न्यायला आला. पिशवी सायकलला बांधता बांधता म्हणाला, “उद्या दुपारी पाणी सोडणार हायेत. नदीकाठचं कोण गिऱ्हाईक आलं तर सांग, मोटारी वर काढून ठेवा म्हणावं.” काठावरचे भाजीवाले पाण्याच्या मोटारी नदीतच बसवायचे, म्हणून तो निरोप. संध्याकाळपर्यंत मी दोघांना तो दिला. घरी आलो आणि घरच्या माणसांना दिला नाही.

विसरलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. दारात चप्पल काढताना तो निरोप अगदी जिभेवर होता. आत धाकटी पिशवीत स्वतःचा फ्रॉक भरून बसलेली. आई तांदळाचं पीठ चाळत होती. तुम्ही मोठ्याला मांडीशी घेऊन सुतळीला गळ बांधून देत होता आणि तो तुमच्या बोटांकडे असा बघत होता जसा माझ्याकडे कधी बघत नसे. बोललो असतो तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, मग राहू दे नदी. आणि सोमवारी पहिल्या एसटीनं माघारी. मी मनाशीच ठरवलं की दुपार म्हणजे तीन तरी वाजतील. एकच्या आत जेवून आपण काठ सोडू. इथली नदी मला माहीत आहे, असं मला वाटत होतं, आणि तुम्हालाही तसं वाटावं असं वाटत होतं.

रविवारी काळी-पिवळी जीप करून आपण गेलो. नदीवर पोचल्याबरोबर पोरं पाण्याकडे धावली, तर तुम्ही दोघांना दंडाला धरून मागे ओढलंत. आधी आसरा, पाण्याच्या देवी. जांभळाच्या मुळाशी शेंदूर लावलेले सात दगड होते, ते तुम्ही कसे हेरलेत कोण जाणे. हळदकुंकू वाहिलंत, तांदूळ ठेवलेत, नारळ वाढवलात. नारळ नासका निघाला. आई म्हणाली, “देवाला पोचला.” तुम्ही थोडा वेळ ती करवंटी हातात घेऊन उभे राहिलात. मग उगवतीला, घाटाच्या बाजूला मान करून आभाळ बघून घेतलंत. लहानपणापासून मी ते बघत आलो होतो. आपल्या ओढ्यात पाय घालायच्या आधी तुम्ही नेहमी घाटाकडे बघायचात. “तिकडं पाऊस नाय तर इकडं पाणी नाय,” हे तुम्ही मला शिकवलं होतं, तेच त्या दिवशी पोरांना शिकवलंत. आपल्या टोकावड्याच्या बाजूला ते शंभर टक्के खरं आहे. धरणाखालच्या नदीला ते लागू नाही. मी बाजूलाच उभा होतो आणि मला हे माहीत होतं.

चूल काही पेटेना. आणलेली लाकडं ओली निघाली, धूरच धूर. मी सारखा घड्याळ बघत होतो. बायको रश्श्याचा मसाला भाजत म्हणाली, “ऑफिस आहे का आज?” आई हसली. “काढून ठेव ते घड्याळ. तुझा बाप नातवंडांत रमलाय, कधी नाय तो.” तुम्ही लांबून ओरडलात, “झिंगे धरायला नेतो रे पोरांना, त्या खडकावर.” नदीच्या मधोमध तो काळा सपाट खडक. काठापासून तिथवर पाणी घोट्याएवढं, वाळूतला खडान् खडा दिसत होता. मी म्हटलं, “लवकर या.” तुम्ही विचारलंत, “का, जेवण तयार झालं?” मी म्हटलं, “नाय, पण लवकर या.” तिथे अजून चार शब्द बोलता आले असते.

आता हे लिहिताना ते सगळं समोर आहे. खडकाच्या कुंडीत पाणी साचलंय, तुम्ही पंच्याची दोन टोकं धरलीत, दोन मोठ्याने धरलीत. धाकटी वाकून हुकूम सोडते आहे, “आजा, तिकडं, तिकडं गेला!” तुम्ही म्हणता, “गप गो, तुझ्या आवाजानं झिंगा म्हसाच्या जत्रेपर्यंत पळंल.” ती खिदळते. साडेबारा वाजलेत. मी रश्श्यात मीठ टाकतो. मला वाटतं, अजून अडीच तास आहेत.

तेवढ्यात बायको म्हणाली, “पातेलं कुठं गेलं? इथंच कडेला भिजत घातलं होतं.” मी वळून बघितलं. पातेलं बरंच खाली, प्रवाहात गिरक्या घेत चाललं होतं.

मला एका क्षणात कळलं. एवढं पटकन कसं कळलं, हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत.

तुम्हाला ते कळलं नाही यात तुमची काही चूक नव्हती. तुम्ही पाहिलेला प्रत्येक पूर लाल पाण्याचा, पालापाचोळा पुढे ढकलत, आवाज करत येणारा. हे पाणी स्वच्छ होतं. गार, काचेसारखं, आवाज न करता काठाला वर चढत होतं. मी ओरडत धावलो, “बाबा, उतर खाली! पोरांना घे!” तुम्ही मान वर केलीत, सवयीनं आधी घाटाकडे बघितलंत. आभाळ स्वच्छ. मग पायाकडे बघितलंत. “घाबरू नको,” तुम्ही म्हणालात, “खडक उंच हाय. उतरंल पाणी.” तुम्ही ते पोरांसाठी म्हणत होता, आवाज थंड ठेवून. मी पाण्यात शिरलो तेव्हा ते गुडघ्याला होतं. अर्ध्यावर मांडीच्या वर आलं. “उतरणार नाय! आत्ता ये!” मी काय आवाजात बोललो असेन ते असेन, तुम्ही पुढे एक शब्द विचारला नाहीत. धोतर सोडलंत, धाकटीला पाठीवर घेऊन बायका तान्ह्या मुलाला बांधतात तशी घट्ट बांधलीत. मोठ्याचं मनगट धरलंत आणि उतरलात.

मध्ये आपली गाठ पडली. मी मोठ्याला ओढून खांद्यावर घेतलं. तो रडत नव्हता, पण त्याचे दात वाजत होते. तुमचा पाय शेवाळावर सरकला आणि तुम्ही कुशीवर गेलात. धाकटीचं डोकं पाण्याखाली गेलं. मला फक्त तुमचा एक हात दिसत होता, पंजा पसरलेला, काही धरायला शोधणारा. मी मोठ्याला एका हातानं आवळून दुसऱ्या हातानं तो पंजा धरला. काठावर बायको कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती, आईनं तिचा पदर मनगटाला गुंडाळून मागून ओढून धरला होता. कसे आलो ते आसरांना ठाऊक. धाकटी खोकली, पाणी ओकली, आणि मग रडायला लागली. तिचं ते रडणं ऐकून आईनं मनगटाचा पदर सोडला.

आणि मी तुमच्यावर तुटून पडलो.

“तुला अक्कल नाय का? म्हातारा झालास, कळत नाय तर कशाला नेतोस? मेली असती ना पोरगी!” अजून बरंच बोललो. तुम्ही लंगोट आणि ओला सदरा, एवढ्यावर सुनेसमोर उभे होता. तुमचं धोतर अजून धाकटीभोवती होतं. तुम्ही ते मागितलं नाहीत. बायकोनंच मान फिरवली. मी बोलत होतो आणि मला माहीत होतं मी का थांबत नाही. थांबलो असतो तर कुणीतरी काहीतरी विचारलं असतं.

समोरच्या काठावर एक जण मोटारीचा पाइप ओढून घेत होता. तो ओरडला, “काल सांगितलं नाय का कोणी? आज पाणी सोडायचं होतं!” तेव्हा तुम्ही, त्या अवस्थेत, मला पाठीशी घातल्यासारखे दोन पावलं पुढे झालात आणि म्हणालात, “आमी बाहेरगावचे रे बाबा. आमाला कोण सांगंल?”

बाबा, ती जागा होती बोलायची. मी खाली बघून रश्श्याचं भांडं उचललं.

जीपमध्ये तुम्ही एकदाच बोललात, आईशी. “नारळ नासका निघाला तेव्हाच दुसरा वाढवायला पायजे होता. माझी चूक झाली.” सोमवारी पहिल्या एसटीनं तुम्ही गेलात. दिवाळीत आम्ही गावाला आलो तेव्हा पोरं ओढ्यावर चल म्हणून तुमच्या मागे लागली. तुम्ही अंगणात बसून राहिलात. म्हणालात, “आज्याला आता नदी वळखत नाय. बापासंगं जा.” मी त्यांना घेऊन गेलो. पाठीमागे तुम्ही दोरी वळत बसलेले दिसत होता. ज्यानं मला ओढ्यातला प्रत्येक दगड दाखवला तो माणूस अंगणात, आणि मी पोरांचा हात धरून पुढे.

त्याच दिवाळीत माझ्या लक्षात आलं की तुमच्या ताटात सुकट नाही. वालाचं बिरडं, भाकरी, कांदा, बस. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, सोडली मासळी. मला वाटलं, पोट बिघडलं असेल, वय झालं. वर मीच म्हणालो, “बरं झालं, पित्ताला चांगलं.” सुकटीशिवाय ज्याला घास उतरत नसे असा माणूस तुम्ही. अडीच वर्षं तुम्ही तोंडाला मासा लावला नाहीत, मग गेलात. तेराव्याला आईनं सुकट केली, तुमच्या नावाच्या पानावर वाढली, आणि पान माझ्या हातात देताना म्हणाली, “पोरांच्या जिवासाठी सोडली होती रे. आसरांची चूक घडली म्हणायचा. आता सुटला.” ते पान घेऊन मी मागच्या दारी किती वेळ उभा होतो, मला आठवत नाही. आत जाऊन आईला सांगायचं ठरवलं होतं. आत गेलो तर ती कुणाच्या तरी खांद्यावर मान टाकून रडत होती. मग म्हटलं, उद्या. तीही आता नाही.

मी दर वर्षी त्या जांभळाखाली नारळ घेऊन जातो. हात जोडतो, पोरांना सांभाळलंस म्हणतो, आणि माघारी येतो. चूक कुणाची होती ते तिथेही तोंडातून निघत नाही. निघालं तर तुमचा उपास फुकट गेला असं होईल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ती खोटी आहे हे मला कळतं. देवाला माहीत असेलच. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं राहिलंय.

कारण पोरं अजून ती गोष्ट सांगतात. कुणाचं लग्न असो, बारसं असो, पाहुणे जमले की मोठा सुरू करतो, “आमच्या आज्यानं तर आमाला बुडवलंच होतं, पप्पानं वाचवलं.” सगळे हसतात. तो प्रेमानंच सांगतो, तुमची नक्कलही करतो, झिंगा म्हसाला पळंल ते. धाकटीला काही आठवत नाही, तिला तेवढंच माहीत आहे जेवढं तो सांगतो. आणि मी त्या घोळक्यात हातात चहाचा कप घेऊन वाचवणारा म्हणून बसलेला असतो.

आता मोठ्याला स्वतःचं बारकं आहे, अडीच वर्षांचं. सुट्टीला आलाय. उद्या रविवार, नदीवर जेवायला जायचं ठरलंय, जागा तीच. मी परवा धरणाच्या वसाहतीत जाऊन विचारून आलो, काल फोन केला, आज सकाळी परत केला. पलीकडचा माणूस वैतागला, “काका, नाही सोडणार म्हटलं ना उद्या.” मग कागद घेऊन बसलो. खरं सांगू का, हे मोठ्याच्या हातात द्यायचं म्हणून बसलो होतो. पण त्याला उद्देशून पहिली ओळ काही लिहवेना. तुम्हाला लिहायला जमलं, कारण तुम्ही वाचणार नाही.

मघाशी तो आत आला, बारक्याला कडेवर घेऊन. “काय लिहितोस एवढं?” मी कागद हाताखाली घेतला. म्हटलं, “उद्या सातलाच निघू. बाराच्या आत माघारी.”

“बाराच्या आत? मग जेवायचं कधी? एवढी कसली घाई?”

तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. घाईत नव्हता. बारकं त्याच्या शर्टाचं बटण चावत होतं.

मी म्हटलं, “ऊन लागतं रे पोराला.”